लाहौल आणि स्पिती: एका जिल्ह्यातली दोन खोरी

हिमाचल प्रदेशातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा म्हणजे लाहौल-स्पिती. त्याचा विस्तार 13,800 चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक आहे, म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यापेक्षा किंचित जास्त. मात्र 2011च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या 27 लाखांच्या पुढे होती आणि लाहौल-स्पितीची होती 31,564. दर चौरस किलोमीटरला दोन-तीन माणसे. या संस्थळावर या भागाची प्रवासवर्णने पुष्कळ आली आहेत, छायाचित्रेही सुंदर आहेत, परंतु त्यांतल्या बहुतेकांत हा जिल्हा एकसंध प्रदेश मानला जातो आणि त्यामुळे सहलीचे नियोजन करणाऱ्यांचे अंदाज चुकतात. माझे म्हणणे असे आहे की लाहौल आणि स्पिती ही भूगोल, इतिहास, शेती आणि आता दळणवळण या सर्वच बाबतींत दोन निराळी खोरी आहेत. त्यांना एकत्र आणले ते प्रशासनाने. हे ध्यानात घेऊन गेल्यास पाहणेही अधिक अर्थपूर्ण होते आणि प्रवासही सुरक्षित होतो.

सुरुवात नद्यांपासून करणे योग्य ठरेल. सुमारे 4,900 मीटर उंचीच्या बारालाचा खिंडीच्या परिसरातून चंद्रा आणि भागा या दोन नद्या विरुद्ध दिशांना निघतात. भागा सूरजताल या सरोवरातून निघून दारचा, जिस्पा आणि केलाँगवरून तुलनेने सरळ खाली येते. चंद्रा मात्र आधी दक्षिणेकडे जाते, बातलच्या पुढे पश्चिमेला वळते आणि मोठा वळसा घालून तांदी येथे भागेला मिळते. तिथून पुढे ती चंद्रभागा आणि जम्मू-काश्मीरमध्ये चिनाब म्हणून ओळखली जाते. या दोन नद्यांची आणि संगमाखालच्या पट्टन भागाची खोरी म्हणजे लाहौल. स्पिती नदी कुंझुम खिंडीच्या पलीकडे उगम पावून आग्नेयेकडे वाहते, वाटेत पिन आणि लिंगटी यांना सामावून घेते आणि किन्नौरमधील खाब येथे सतलजला मिळते. म्हणजे साडेचार हजार मीटरांहून उंच असलेल्या कुंझुमच्या एका उतारावरचे बर्फ वितळून चिनाबला जाते आणि दुसऱ्या उतारावरचे सतलजला. एकाच जिल्ह्यातले हे दोन प्रवाह पुन्हा एकत्र येतात ते थेट पाकिस्तानच्या पंजाबात, जिथे चिनाब आणि सतलज मिळून पंजनद होते.

दोन्ही खोरी पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगांमुळे मोसमी पावसापासून आडोशाला आहेत, पण हा आडोसा सारखा नाही. लाहौलच्या खालच्या पट्ट्यात, विशेषतः उदयपूरच्या बाजूला, देवदार वर्गातील झाडे, विलोची लागवड आणि हिरवी शेते दिसतात. स्पितीत नदीकाठच्या शेतांचे तुकडे आणि पाटाच्या कडेची झाडे सोडली, तर डोंगर अक्षरशः उघडे आहेत. तिथली शेती हिमनदीच्या पाण्यावर चालते. वरच्या झऱ्यापासून कित्येक किलोमीटर कोरत आणलेले पाट, त्यांना स्थानिक लोक कूल म्हणतात, गावाच्या तळ्यात पाणी सोडतात आणि तिथून ते पाळीपाळीने शेतांना मिळते. ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडते त्या वर्षी उन्हाळ्यात कूल कोरडी राहते आणि पीक जाते. बर्फ प्रवाशाला अडचणीचे वाटते. स्पितीतल्या किब्बर गावच्या शेतकऱ्यासाठी ते पुढच्या वर्षीचे पाणी असते.

इतिहासातही दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. लाहौलचा बराच भाग सतराव्या शतकापासून कुल्लूच्या राजांच्या ताब्यात होता आणि उदयपूरकडचा पट्टा चंबा संस्थानात. स्पिती मात्र लडाखच्या राज्याचा भाग होती आणि तिचा रोजचा कारभार नोनो ही पदवी असलेले वंशपरंपरागत वजीर पाहत असत. 1840च्या दशकाच्या प्रारंभी जम्मूच्या डोगरा फौजा लडाखमार्गे इथे उतरल्या आणि त्यांनी स्पितीतल्या ‘की’ या गावच्या मठाची मोडतोड केली. पुढे 1846 साली पहिले इंग्रज-शीख युद्ध संपल्यावर इंग्रजांनी स्पिती काश्मीरच्या गुलाबसिंगाकडे जाऊ दिली नाही. दुसरा मुलूख देऊन ती स्वतःकडे ठेवली. कारण व्यापारी होते. तिबेटच्या चांगथांगमधून येणारी पश्मीना लोकर आणि रामपूरची बाजारपेठ यांच्या मध्ये काश्मीरचे राज्य येऊ नये, एवढाच त्यामागचा हिशेब. त्याच वर्षी अलेक्झांडर कनिंगहॅम आणि व्हॅन्स अ‍ॅग्न्यू यांनी स्पिती आणि लडाख यांच्यामधील सीमा आखली. ज्या खोऱ्यातून महसूल जवळजवळ काहीच मिळत नव्हता, ते एका लोकरीच्या वाटेसाठी पंजाबच्या कांगडा जिल्ह्याला जोडले गेले. 1873च्या स्पिती रेग्युलेशनने नोनोंना खुनासारखे गंभीर गुन्हे वगळता बाकीचे खटले चालवण्याचा अधिकार दिला, म्हणजे इंग्रजांनी कारभार जुन्याच घराण्याकडे ठेवला.

स्वातंत्र्यानंतर तिबेटची सीमा संवेदनशील झाली आणि 1960 साली पंजाब राज्यात लाहौल आणि स्पिती असा स्वतंत्र जिल्हा तयार करण्यात आला. 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबची पुनर्रचना झाली तेव्हा तो हिमाचलकडे आला. मुख्यालय केलाँगला, म्हणजे लाहौलमध्ये. स्पितीसाठी काझा येथे उपविभागाचे ठाणे आणि अतिरिक्त उपायुक्त. आपल्याकडचे जिल्हाधिकारी तिकडे उपायुक्त म्हणून ओळखले जातात. काझाच्या अधिकाऱ्याला नेहमीच्या उपविभागीय अधिकाऱ्यापेक्षा बरेच जास्त अधिकार देण्यात आले, कारण कुंझुम साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बंद असते. त्या काळात काझाहून केलाँगला जायचे झाल्यास किन्नौरमधून सतलजच्या खोऱ्यात उतरायचे, रामपूर मागे टाकून कुल्लूच्या बाजूला यायचे आणि मनालीवरून पुन्हा वर चढायचे, असा पाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा फेरा पडतो. उन्हाळ्यात कुंझुमवरून हेच अंतर दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. स्वतःच्या जिल्ह्याच्या मुख्यालयात जाण्यासाठी अर्धे वर्ष दुसऱ्या जिल्ह्यांतून फिरावे लागते, अशी स्थिती देशात फार थोड्या ठिकाणी असेल.

स्पितीत ज्या एका जागी मी वाचकांना वेळ काढून थांबायला सांगेन ती म्हणजे ताबो. इसवी सन 996 मध्ये पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याच्या येशे-ओ या राजाने या मठाची स्थापना केली आणि महान अनुवादक रिंचेन झांग्पो यांचे नाव या कार्याशी जोडले जाते. 1042च्या सुमारास त्याच राजघराण्यातील जांगचुब-ओ यांनी त्याचे नूतनीकरण केले. बाहेरून पाहिल्यास मातीच्या सपाट छपरांच्या काही बुटक्या इमारती, एवढेच दिसते, आणि घाईतले प्रवासी पंधरा मिनिटांत परत फिरतात. मुख्य सभागृहात शिरल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही, कारण उजेड वरच्या लहानशा झरोक्यातूनच येतो. डोळे सरावल्यावर लक्षात येते की डोक्याच्या वर, भिंतींना लागून, मानवी आकाराच्या आसपासच्या मातीच्या मूर्ती रांगेने जणू हवेत बसलेल्या आहेत. त्यांच्या पाठीमागची प्रभावळ भिंतीवर आहे, खाली कोणताही आधार दिसत नाही, आणि मध्यभागी चतुर्मुख वैरोचन बुद्ध आहे. हे सभागृह म्हणजेच एक मंडल, म्हणजे बौद्ध विश्वाची आकृती, आहे आणि पाहणारा त्याच्या आत उभा असतो. मूर्तींच्या खाली भित्तिचित्रांचे पट्टे आहेत. त्यांतील वस्त्रांवरची नक्षी इतकी बारीक आहे की कापडाचा पोत जाणवतो, आणि चेहऱ्यांची घडण काश्मीरच्या तत्कालीन शैलीची साक्ष देते. आत छायाचित्रणाला परवानगी नाही. सोबत लहान विजेरी ठेवावी, पण तिचा झोत एकाच जागी धरून ठेवू नये. 19 जानेवारी 1975च्या किन्नौर भूकंपात या मठाचे नुकसान झाले, तरी मूळ सभागृह टिकले. पलीकडच्या डोंगरात भिक्षूंच्या ध्यानाच्या गुहा आहेत, त्याही चुकवू नयेत.

धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. झिजलेल्या गाळाच्या सुळक्यांवर, पिन आणि स्पिती यांच्या संगमाच्या वर, हा मठ आणि किल्ला उभा आहे. खालची माती पावसाने आणि वाऱ्याने सतत झडत असल्यामुळे 2006 साली जागतिक पातळीवरच्या धोक्यातील शंभर वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश झाला होता. ‘की’ मठाची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

लाहौलमध्ये चित्र निराळे आहे. तिथे बौद्ध आणि हिंदू परंपरा एकाच अंगणात नांदतात. त्रिलोकनाथच्या मंदिरातील पांढऱ्या संगमरवरी सहा हातांच्या मूर्तीला बौद्ध भाविक करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर म्हणून आणि हिंदू भाविक शिव म्हणून पूजतात आणि ऑगस्टमधल्या पोरी जत्रेला दोघेही येतात. उदयपूरच्या मृकुला देवी मंदिराच्या लाकडी छतावर समुद्रमंथन आणि महाभारतातील प्रसंग कोरलेले आहेत, आणि त्याच छतावर बुद्धाला ध्यानातून ढळवू पाहणाऱ्या माराचे आक्रमणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाचे जर्मन धर्मप्रसारक केलाँगला स्थायिक झाले. धर्मांतराच्या बाबतीत त्यांना फारसे यश मिळाले नाही, परंतु बटाट्याची लागवड आणि लोकरीचे विणकाम त्यांनी रुजवले. लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना आणि हातमोज्यांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बटाट्यानेही पुढे खोऱ्याचे नशीब पालटले. थंड आणि कोरड्या हवेत विषाणू पसरवणारी मावा ही कीड फारशी टिकत नाही, त्यामुळे इथले बियाणे निरोगी राहते. 1966 मध्ये स्थापन झालेल्या लाहौल बटाटा उत्पादक सहकारी संस्थेने ते देशभर पोहोचवले.

प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल 3 ऑक्टोबर 2020 रोजी झाला, जेव्हा मनालीची बाजू आणि लाहौल यांना रोहतांग खिंडीखालून जोडणारा 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीला खुला झाला. सेरी नाल्याखालच्या भेगाळ खडकातून पाणी आत शिरत राहिल्यामुळे त्याचे काम कित्येक वर्षे रेंगाळले होते. पूर्वी रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल जवळपास सहा महिने तुटलेले असे. आजारी माणसाला हवामान उघडण्याची आणि सरकारी हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे, आणि पायी निघालेल्यांसाठी मढी आणि कोकसर येथे बचाव चौक्या उभारल्या जात. बोगद्याने मनाली-केलाँग अंतर 46 किलोमीटरांनी कमी केले आणि लाहौल वर्षातले बहुतांश दिवस खुले राहू लागले. स्पितीसाठी मात्र या बोगद्याने हिवाळ्यात काहीच बदललेले नाही, कारण कुंझुम त्याच्या पुढे आहे. वृत्तपत्रांतून बोगद्याविषयी वाचून डिसेंबरमध्ये मनालीमार्गे काझाला निघण्याचे बेत आखणारी मंडळी मला दर वर्षी भेटतात, म्हणून हे ठळकपणे सांगत आहे.

जाणकारांनी आपले अनुभव आणि दुरुस्त्या जरूर लिहाव्यात.

प्रतिसाद: पाऊलवाट

लेख अतिशय उपयुक्त आहे. आम्ही चौघे मित्र पुण्याहून जून महिन्यात जाण्याचा विचार करत आहोत. चंदिगढपर्यंत रेल्वेने आणि पुढे भाड्याच्या गाडीने. मनालीकडून चढून शिमल्याकडे उतरावे की शिमल्याकडून चढावे, याविषयी दोन्ही मते ऐकायला मिळतात. चालक मनालीकडून जाण्याचा आग्रह धरत आहे, कारण त्या बाजूने काझा लवकर गाठता येते. तुमचे मत काय?

धागाकर्ता

पाऊलवाट, शिमल्याकडून चढावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण उंचीत आहे. शिमला सुमारे 2,200 मीटरवर आहे. तिथून सराहन किंवा सांगला, मग कल्पा, नाको आणि ताबो अशा मुक्कामांनी शरीराला हळूहळू सवय होते, आणि साडेतीन हजार मीटरांच्या पुढच्या काझाला तुम्ही पोहोचता तेव्हा विरळ हवेशी आधीच जुळवून घेतलेले असते. मनालीकडून निघाल्यास सुमारे 2,000 मीटरवरून एकाच दिवसात कुंझुम ओलांडून काझा गाठले जाते. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे या तक्रारी अशाच प्रवासात जास्त दिसतात. चालकाला अंतर कमी वाटते हे खरे, परंतु कुंझुमच्या अलीकडचा ग्राम्फू ते बातल हा रस्ता काही ठिकाणी नदीपात्रातील दगडगोट्यांवरूनच जातो आणि त्याला लागणारा वेळ किलोमीटरांत मोजता येत नाही.

दुसरे असे की जूनच्या सुरुवातीला कुंझुम उघडलेली असेलच याची खात्री देता येत नाही. शिमल्याकडून चढल्यास खिंड बंद असली तरी स्पिती पाहून त्याच वाटेने परतता येते. मनालीकडून निघालात आणि खिंड बंद मिळाली, तर स्पितीच हुकते.

बातलच्या बाजूला जो काही प्रवास करायचा असेल तो सकाळी लवकर उरका. तिथले नाले हिमनद्यांच्या पाण्याचे आहेत. रात्री थंडीने वितळणे मंदावते, त्यामुळे पहाटे पाणी घोट्याएवढे असते आणि दुपारनंतर त्याच ठिकाणी मोटारीच्या चाकांवर येते.

प्रतिसाद: काळा कातळ

धाग्यात भूगर्भशास्त्राचा उल्लेख राहून गेला आहे, म्हणून थोडी भर घालतो. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना डोंगर म्हणजे काळा बेसाल्ट. तो लाव्हारसाचा असल्यामुळे त्यात जीवाश्म शोधणे व्यर्थ असते. स्पितीत याच्या नेमके उलटे आहे. तिथले डोंगर हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे आहेत आणि कँब्रियनपासून क्रेटेशियसपर्यंतच्या भूशास्त्रीय कालखंडांचे थर तिथे एकावर एक वाचता येतात. फर्डिनांड स्टोलिच्का या भूशास्त्रज्ञाने 1860च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी हा भाग पायी धुंडाळला आणि त्यानंतर तिथल्या काळ्या मातकट खडकाचे स्पिती शेल हे नाव जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाले. लांग्झा गावाजवळच्या ओढ्यात काळ्या मातकट खडकाचे गोटे पडलेले असतात. एखादा फुटलेला गोटा हातात घेतला की आत अमोनाइट या नामशेष शंखधारी समुद्री प्राण्याची वळी दिसते. कडेपासून केंद्राकडे लहान होत जाणाऱ्या कण्या आणि प्रत्येक कणीवरची बारीक रेघ बोटाला स्पष्ट लागते. घरोघरी देव्हाऱ्यात असलेल्या नेपाळच्या शालिग्रामातही याच काळातले, याच समुद्रातले प्राणी असतात. समुद्रसपाटीपासून चार हजार चारशे मीटरवर समुद्री प्राणी हातात धरणे हा अनुभव मला कोणत्याही शिखरदर्शनापेक्षा मोठा वाटतो.

एक कळकळीची विनंती आहे. गावातली मुले हे जीवाश्म विकायला आणतात आणि प्रवासी कौतुकाने विकत घेतात. कृपया घेऊ नका. मागणी राहिली की ओढे रिकामे होतात, आणि थरातून उचललेल्या जीवाश्माला शास्त्रीय मोल जवळजवळ उरत नाही. मुलांना काही द्यायचे असल्यास गावात मुक्काम करा, म्हणजे पैसे घरात जातील.

धागाकर्ता

काळा कातळ, ही भर आवश्यक होती, मनापासून आभार. तुमच्या विनंतीला माझे पूर्ण अनुमोदन आहे. धनकरसारख्या जागा ठिसूळ आहेत आणि मलिंग नाल्यासारख्या ठिकाणी किन्नौरचा रस्ता वारंवार खचतो, त्यामागेही तिथल्या जमिनीची घडणच आहे.

प्रतिसाद: ओंजळ

माझे आई-वडील सत्तरीच्या आसपास आहेत आणि दोघांनाही स्पिती पाहण्याची फार इच्छा आहे. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. इतक्या उंचीवर त्यांना नेणे योग्य ठरेल का? लाहौल हा पर्याय असू शकतो का?

धागाकर्ता

ओंजळ, नेण्याचा अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. उंचीवरची औषधेही त्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. मात्र तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. लाहौल हा केवळ दुय्यम पर्याय नाही, तुमच्या आई-वडिलांसाठी तोच अधिक चांगला आहे. केलाँग सुमारे 3,100 मीटरवर आहे, मनालीहून बोगद्यातून काही तासांत तिथे पोहोचता येते, आणि तब्येत बिघडलीच तर त्याच दिवशी मनालीला खाली उतरता येते. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे. स्पितीत खाली उतरायचे म्हटले तरी किन्नौरपर्यंत कित्येक तास त्याच उंचीच्या आसपास प्रवास करावा लागतो. मनालीत निवांत मुक्काम करून मग सिस्सू, तांदीचा संगम, त्रिलोकनाथ, उदयपूर आणि केलाँगसमोरचा कारदांग मठ, असा बेत आखलात तर त्यांना बौद्ध आणि हिंदू दोन्ही परंपरा आणि हिमनद्यांचे डोंगर दमछाक न होता पाहता येतील. त्रिलोकनाथला वयस्कर भाविकांची ये-जा नेहमी असते.

प्रतिसाद: हिमरेषा

मी कामानिमित्त काही काळ लाहौलमध्ये राहिले आहे. धागाकर्त्यांनी बोगद्याचे जे वर्णन केले आहे त्याच्याशी सहमत आहे, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे असे वाटते. रुग्ण, विद्यार्थी आणि शेतमाल यांच्या दृष्टीने बोगदा ही मोठी सोय झाली यात शंका नाही. परंतु हिवाळ्यात मनालीला आलेली हजारो माणसे एका दिवसासाठी बोगद्यातून सिस्सूला येतात, बर्फात गाड्या घालतात, प्लास्टिक टाकतात आणि संध्याकाळी परत जातात. लाहौलचा हिवाळा हा सणांचा काळ आहे. हालडाच्या मशाली, फागली आणि गोची याच महिन्यांत येतात, आणि काही गावांत या दिवसांत देवांच्या नियमानुसार शांतता पाळली जाते. त्यामुळेच सिस्सू परिसरातील ग्रामस्थांनी अलीकडे जानेवारी-फेब्रुवारीत काही आठवडे पर्यटन बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय उत्पन्नावर पाणी सोडून घेतलेला आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

हवामानाचाही विचार व्हावा. जुलै 2021 मध्ये केलाँगजवळच्या तोझिंग नाल्याला अचानक आलेल्या पुरात माणसे वाहून गेली. जुलै 2023 मधील अतिवृष्टीच्या वेळी कुंझुमजवळच्या चंद्रताल सरोवरापाशी अडकलेल्या अडीचशेहून अधिक पर्यटकांना बर्फातून रस्ता मोकळा करत बाहेर काढावे लागले. पर्जन्यछायेतला प्रदेश म्हणजे पाऊस नाही, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. मातीची सपाट छपरे बर्फासाठी बांधलेली असतात, बर्फ झाडून काढता येते. सलग दोन दिवस पाऊस पडला की तीच छपरे गळू लागतात आणि वरचे उघडे उतार रस्त्यावर येतात.

धागाकर्ता

हिमरेषा, तुमचा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. एका बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. एका दिवसाच्या गर्दीवर उपाय म्हणून पुन्हा परवान्यांची पद्धत आणावी असे काही जण म्हणतात. रोहतांग खिंडीवर राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने दिवसाला 1,200 वाहनांची मर्यादा आहेच. परंतु बोगद्यावर अशी मर्यादा घातली, तर तिचा पहिला फटका केलाँगच्या रहिवाशांना आणि भाजीपाल्याच्या मालमोटारींना बसेल. त्यापेक्षा पंचायतींनी आपापल्या हद्दीत नियम करावेत आणि प्रवाशांनी ते पाळावेत, हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो, कारण गावाचे वेळापत्रक गावालाच ठाऊक असते.

पाण्याविषयीही एक गोष्ट नमूद करतो. स्पितीतील पारंपरिक घरांत कोरडे शौचालय असते. मैल्यावर माती आणि राख टाकली जाते आणि वसंतात त्याचे खत शेतात जाते. नव्या हॉटेलांत पाण्याचे शौचालय आले, आणि ज्या गावात कूलच्या पाण्याची पाळी तासांवर मोजली जाते तिथे त्याचा ताण जाणवतो. मुक्कामासाठी घरगुती निवास निवडल्यास आणि कोरडे शौचालय वापरण्याची तयारी ठेवल्यास आपण त्या गावाचे पाणी खरोखर वाचवतो.

प्रतिसाद: रातराणी

हिवाळ्यात स्पितीला जाता येते का? हिमबिबट्या पाहण्यासाठी लोक फेब्रुवारीत किब्बरला जातात असे वाचले आहे.

धागाकर्ता

रातराणी, जाता येते, पण फक्त शिमला-किन्नौर बाजूने. हा रस्ता सीमा सडक संघटना हिवाळ्यातही शक्य तितका खुला ठेवते, मात्र मोठ्या हिमवर्षावानंतर तो काही दिवस बंद राहू शकतो, म्हणून परतीच्या तिकिटाला मोकळे दिवस ठेवावेत. किब्बर अभयारण्य 2,220 चौरस किलोमीटरांचे आहे. हिवाळ्यात भरल या रानमेंढ्या आणि आयबेक्स हे रानबकरे खालच्या कड्यांवर उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही. म्हणूनच फेब्रुवारी-मार्च हा काळ त्यासाठी योग्य मानला जातो. स्थानिक शोधकाशिवाय तो दिसणे जवळजवळ अशक्य आहे, कारण समोरच्या कड्यावर बसलेला असला तरी दगडापासून वेगळा ओळखता येत नाही. तापमान रात्री उणे वीस अंशांच्याही खाली जाते, नळ गोठलेले असतात आणि प्यायचे पाणी बर्फ वितळवून किंवा झऱ्यावरून आणावे लागते. पहिल्यांदाच स्पिती पाहणाऱ्याने उन्हाळ्यात किंवा सप्टेंबरमध्ये जावे आणि मगच हिवाळ्याचा विचार करावा, असे मी सुचवेन.

प्रतिसाद: पाऊलवाट

तुमच्या सल्ल्यानुसार चालकाशी बोलून मार्ग बदलला आहे. शिमल्याकडून चढू आणि कुंझुम उघडली असेल तर चंद्रतालमार्गे मनालीला उतरू. आणखी दोन शंका आहेत: भारतीयांना परवाना लागतो का, आणि चंद्रतालच्या काठावर तंबू लावता येतो का?

धागाकर्ता

उत्तम निर्णय. भारतीय नागरिकांना या मार्गावर परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ असावे. परदेशी नागरिकांना किन्नौर आणि स्पिती यांच्यामधल्या पट्ट्यासाठी इनर लाइन परवाना, म्हणजे सीमाभागात जाण्याची परवानगी, घ्यावी लागते. चंद्रताल 2005 पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र आहे आणि त्याच्या काठावर तंबू लावण्यास मनाई आहे. मुक्कामाचे तळ काही किलोमीटर अलीकडे आहेत, गाडी ठरावीक जागी थांबवून शेवटचा टप्पा पायी जायचा. सुमारे 4,300 मीटरची उंची असल्यामुळे ही रात्र प्रवासाच्या शेवटी येते आहे, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

इंधन रेकाँग पिओला भरून घ्या आणि काझाला पुन्हा टाकी पूर्ण भरा, कारण काझानंतर मनालीच्या वाटेवर तांदी किंवा मनालीपर्यंत पंपाचा भरवसा धरता येत नाही. रोख पैसे पुरेसे बाळगा. आणि खिंडीच्या अलीकडच्या लोसर गावाहून कुंझुमकडे निघण्यापूर्वी तिथल्या पोलीस चौकीत नोंद करून खिंडीची त्या दिवसाची स्थिती विचारा.